जहाज लागलं म्हणजे माल निघाला नाही

भाऊ, परदेशातून नागपूरला येणाऱ्या कंटेनरचा माग काढायचा तर आधी कंटेनर नंबर तपास: चार अक्षरं, सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून गणिताने येतो, त्यामुळे टायपिंगची चूक बहुतेकदा तिथेच पकडली जाते.

जहाज न्हावा शेवा बंदराला लागलं की पार्टीला (माल मागवणाऱ्याला) ‘माल निघाला’ असं सांगू नको. आधी कस्टम्सची ट्रान्सशिपमेंट परवानगी (माल बंदरातून पुढच्या डेपोत न्यायची), मग रेकमध्ये, म्हणजे मालगाडीत, जागा. खरा वेळ इथेच जातो. कंटेनर बंदराबाहेर पडला का, ते लॉजिस्टिक्स डेटा बँकेवर, म्हणजे कंटेनरचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर, बघ. गाडी भुसावळ-बडनेऱ्याकडे असताना तासातासाला स्क्रीन उघडून काय होणार? (पार्टी विचारतेच म्हणा.) नागपूरच्या कंटेनर डेपोत उतरल्याची नोंद दिसली की मात्र लगेच सीएचएला (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटला) फोन. शिपिंग लाइन फ्री डेज (कंटेनर बिनभाड्याने ठेवायचे दिवस) कधीपासून मोजते, हे आधीच लेखी घे. त्यानंतर कंटेनर अडकवल्याचं भाडं, म्हणजे डिटेन्शन, बऱ्याचदा डॉलरमध्ये लागतं.