वेबसाइट गुगलवर दिसत नाही, मग यात करिअर कसं करू?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पक्ष्यांची छायाचित्रं काढते आणि त्यांची वेबसाइट वर्डप्रेसवर स्वतः तयार केली आहे. महिना होत आला, पण गुगलवर ती कुठेच सापडत नाही. एक क्लास 'वेबसाइट ५०० सर्च इंजिन आणि डिरेक्टऱ्यांमध्ये नोंदवणं' शिकवतो आणि नोकरीची हमी देतो. फी भरू का? मला कोडिंग फारसं येत नाही. तरी साइट सर्च इंजिनात दिसावी यासाठीच्या कामात, म्हणजे एसईओत (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन), करिअर होईल का?

उत्तर : या क्लासची फी भरू नकोस. पाचशे हा आकडाच सांगतो की त्यांचा अभ्यासक्रम कधीचा आहे. लोक रोज वापरतात अशी सर्च इंजिनं हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यांतलीही काही दुसऱ्याच्या जिवावर चालतात. डकडकगोचे नेहमीचे निकाल मोठ्या प्रमाणावर बिंगकडून येतात. रशियात यांडेक्स आणि चीनमध्ये बायडू यांचं वजन आहे, पण तुझा वाचक तिथला नसेल तर गुगल आणि बिंग एवढं पुरे.

डिरेक्टऱ्यांचा एक जमाना होता, हे मात्र खरं. जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं याहू म्हणजे मुळात माणसांनी विषयवार लावलेली वेबसाइटींची यादी. १९९८ मध्ये ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, म्हणजे डीमॉझ आलं. तिथे स्वयंसेवक संपादक एकेक साइट पाहून घेत. याहूच्या व्यावसायिक विभागात साइट नुसती तपासून घेण्यासाठी पुढे वर्षाला २९९ डॉलर मोजावे लागत, आणि एवढं करून नोंद होईलच असं नसे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. मागे उरल्या त्यांतल्या बऱ्याचशा केवळ लिंक मिळवण्यासाठी आणि विकण्यासाठी चालवलेल्या आहेत. अशा लिंकांवर वर चढलेल्या साइटींना गुगलने एप्रिल २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये (निकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला बदल) खाली ढकललं, आणि आजही त्यांच्या स्पॅमविषयक धोरणात निकृष्ट डिरेक्टऱ्यांमधल्या लिंकांचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे क्लास तुला शिकवणार ते काम फार तर निरुपयोगी ठरेल आणि वाईट झालं तर अंगाशी येईल.

सगळ्याच याद्या वाईट नसतात. पक्षीनिरीक्षकांची एखादी संस्था आपल्या पानावर छायाचित्रकारांची सूची ठेवत असेल, तर तिथे जरूर नाव दे. गुगल अस्तित्वातच नसतं तरी मी इथे नाव दिलं असतं का, एवढंच स्वतःला विचारायचं.

आता तुझी साइट. पानं निकालात येण्याआधी क्रॉलर (पानं वाचत फिरणारा सर्च इंजिनाचा प्रोग्रॅम) तिथे पोचावा लागतो, मग पान इंडेक्समध्ये, म्हणजे सर्च इंजिनाच्या साठ्यात, घेतलं जातं, आणि त्यानंतर क्रमांकाचा प्रश्न येतो. नवी माणसं या तिन्हींची सरमिसळ करतात. तुझी साइट साठाव्या क्रमांकावर आहे की इंडेक्समध्येच नाही, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, कारण बहुधा तू ते पाहिलेलं नाहीस. गुगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात साइटची मालकी सिद्ध कर (खातं मोफत आहे) आणि यूआरएल तपासणीत मुख्य पानाचा पत्ता टाक.

माझा पहिला संशय एका चौकटीवर आहे. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंग या भागात, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये असं सांगणारी एक खूण असते. साइट अर्धवट असताना लोक ती करतात आणि काढायला विसरतात. ती असेल तर पानावर नोइंडेक्सची (इंडेक्समध्ये घेऊ नका अशी) सूचना जाते आणि सर्च कन्सोल तसं स्पष्ट सांगतं. इथे आणखी एक गोंधळ होतो. रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल क्रॉलरला पान वाचण्यापासून अडवते, पण इंडेक्समधून काढत नाही. एखादं पान या फाइलने अडवलं आणि वर त्यावर नोइंडेक्सही लावलं, तर क्रॉलरला ते नोइंडेक्स दिसतच नाही. मग दुसरीकडच्या लिंकांमुळे त्या पानाचा नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. मुलाखतीला बसलीस तर हा प्रश्न हमखास विचारतील.

खूण नसेल आणि अहवालात 'क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स नाही' असं आलं, तर दोष बहुधा मजकुराचा. छायाचित्रांच्या साइटींवर शब्दच नसतात! पक्षी कोणता, कुठे दिसला, काय करत होता, हे प्रत्येक फोटोखाली लिही आणि ऑल्ट टेक्स्टही (चित्राचं शब्दांत वर्णन) भर. साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) सर्च कन्सोलमध्ये दे. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, तेव्हा तुला एकच पुरेल. तोच साइटमॅप बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्येही टाक. इंडेक्स करण्याची विनंती एकदा केली की पुरे, पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने काम लवकर होत नाही. काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि पैसे घेऊन साइट इंडेक्समध्ये घ्यायची सोय गुगलकडे नाही.

करिअर आहे ते या तपासात. फॉर्म भरायला कुणी पगार देत नाही, पण पानं इंडेक्समधून का गळाली हे शोधून काढणारा माणूस मोठ्या साइटींना लागतो. त्यासाठी प्रोग्रामर असायची गरज नाही. एचटीएमएल (वेबपानं जिच्यात लिहिलेली असतात ती भाषा) वाचता यावं, २०० (पान मिळालं), ३०१ (पान कायमचं दुसरीकडे हललं) आणि ४०४ (पान सापडलं नाही) या सर्व्हरच्या उत्तरांचा अर्थ कळावा, स्प्रेडशीटवर हात बसलेला असावा, आणि ग्राहकाला कारण साध्या भाषेत सांगता यावं. हे शेवटचं फार थोड्यांना जमतं. कामाची दुसरी बाजूही ऐकून ठेव. निकाल सावकाश दिसतात, नियम बदलत राहतात, 'पहिला नंबर कधी?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि आता सर्च इंजिन स्वतःच उत्तर लिहून देऊ लागल्यामुळे क्लिक कमी होण्याची धास्ती या धंद्यात सगळ्यांनाच आहे. फक्त एसईओवर उभी राहू नकोस. लेखन किंवा डेटा विश्लेषण, दोन्हींपैकी एक जोडीला ठेव.

शिकायला गुगलचं 'सर्च इसेन्शियल्स' आणि बिंगची मार्गदर्शक तत्त्वं मोफत वाचता येतात. वाचलेलं स्वतःच्या साइटवर लावून पाहा आणि नोंद ठेव : कोणत्या तारखेला काय बदललं, अहवालात काय फरक पडला. इंटर्नशिपसाठी ही वही क्लासच्या प्रमाणपत्राहून जास्त उपयोगी पडेल. तरीही क्लास लावायचाच असेल, तर आधी त्यांच्याकडे त्यांनी सुधारलेल्या एखाद्या साइटचा सर्च कन्सोलमधला अहवाल दाखवायला माग. रीडिंगमधली ती चौकट मात्र आजच उघड. खूण नसेल तर यूआरएल तपासणीत आलेला शेरा शब्दशः मला लिहून पाठव.