मॅडम, याही महिन्यात काहीच झालं नाही

मी समुपदेशक. महिन्याची २८-२९ तारीख उजाडली की माझ्याकडे एक ठराविक वाक्य यायला लागतं. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, समोरच्या खुर्चीत बसून, आणि एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत सुद्धा. "मॅडम, याही महिन्यात काहीच झालं नाही." म्हणणारी बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतली आई असते, आणि "काहीच" म्हणजे एक तारखेला तिने स्वतःसाठी जे ठरवलेलं असतं ते. चालायला जायचं, अर्धवट राहिलेला कोर्स, पेटी परत काढायची, वाचन, वजन, स्वतःच्या नावावर थोडे पैसे टाकणं. गेल्या काही महिन्यांत हे इतक्या वेळा ऐकलं की म्हटलं आता सविस्तर लिहूनच टाकावं. एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. आपण तिला मेघना म्हणू.

मेघना ३६ वर्षांची, डोंबिवलीला राहणारी, फोर्टमधल्या एका सरकारी बँकेत नोकरी. मुलगा चौथीत, मुलगी तीन वर्षांची, घरी सासूबाई, नवऱ्याची शिफ्टची नोकरी. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून एक वही काढली आणि टेबलावर ठेवली, जणू पुरावाच. पान उघडलं तर वर "जून" आणि खाली अकरा कामं, प्रत्येकापुढे लाल पेनाने फुली. त्याच्या आधीचं पान मे, तिथेही तेच. एप्रिल, मार्च, तसंच. जानेवारीचं पान तेवढं रंगीत पेनांनी सजवलेलं होतं.

"बघा," ती म्हणाली, "मी लिहिते छान. करत काहीच नाही."

मी ती यादी दोनदा वाचली. मुलाचं गणित पक्कं करणे. सासूबाईंची बीपीची तपासणी. धाकटीला रात्री दूध बाटलीऐवजी कपातून देणे. नवऱ्याचे डबे तेलकट न करणे. चिडचिड करायची नाही. मोबाईल कमी. रोज एक तास चालणे. जेएआयआयबी या बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. अशी अकरा. मग मी तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, यातल्या फक्त तुझ्यासाठी असलेल्या कामांना खूण कर. ("मला अहो-जाहो नका करू" हे तिने बसल्या बसल्याच सांगितलं होतं.) ती बराच वेळ पेन्सिल धरून बसली आणि शेवटी दोन खुणा केल्या, चालणं आणि जेएआयआयबी. "चिडचिड करायची नाही" वर पेन्सिल टेकवून परत उचलली. मी विचारलं का उचललीस. म्हणाली, "ते पण त्यांच्यासाठीच आहे ना."

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे मी जवळजवळ प्रत्येक यादीत बघते. आईची "माझी उद्दिष्टं" म्हणून जी यादी असते ती खरं तर घराच्या कामांचीच आणखी एक यादी असते. ती कामं महत्त्वाची आहेत, नाही कोण म्हणतंय, पण ती एरवीही होणारच आहेत, त्यांच्यामागे लागायला अख्खं घर आहे. चालणं आणि अभ्यास यांच्यामागे लागायला कुणी नाही. म्हणून पहिला नियम मी हाच देते की घरची यादी फ्रिजवर लाव, आणि स्वतःची वेगळी, त्यात एक गोष्ट, फार तर दोन. आणि "चिडायचं नाही", "आळस करायचा नाही" असली वाक्यं काढून टाकायची. ती स्वतःला सोडलेली फर्मानं असतात, कामं नसतात, आणि ती पाळली की नाही हे महिनाअखेरीला मोजणार तरी कसं?

तर जुलैसाठी आम्ही दोनच ठेवल्या. आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटं चालणं आणि रोज रात्री अर्धा तास अभ्यास. बँकेतल्या मंडळींना जेएआयआयबी माहीत असेल, चार पेपर, प्रत्येकात पास व्हायला 50 मार्क, आणि पास झालं की पगारात इन्क्रिमेंट. मेघना धाकटीच्या जन्माआधीपासून ती परीक्षा पुढे ढकलत होती.

जुलै संपता संपता ती आली आणि वही उघडून म्हणाली, "दोनच होत्या तरी दोन्ही नाही झाल्या." दोन फुल्या. मी विचारलं एकदाही नाही चाललीस? "नाही, नऊ दिवस चालले. पण ठरलं होतं आठवड्याला चार, म्हणजे सोळा-सतरा. मग नाहीच झालं ना."

मी काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. दूधवाला. सॉरी मॅडम एकच मिनिट म्हणत तिने तो उचलला, मोबाईलमधला घरच्या कालनिर्णयचा फोटो उघडला आणि अगदी शांतपणे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता हिशेब सांगायला लागली. "दोन तारखेला खाडा, नऊला खाडा, सतराला, आणि मागच्या आठवड्यात पावसात सलग तीन. सहा खाडे. एकतीसातून सहा गेले, पंचवीस. दीड लिटरने साडेसदतीस लिटर. 60 ने दोन हजार दोनशे पन्नास होतात भाऊ, संध्याकाळी जीपे करते." फोन ठेवला. पूर्ण मिनिटही लागलं नाही.

या कामात मला बावीस वर्षं झाली आणि असे क्षण ओळखता येतात आता. मी वही बाजूला केली.

"मेघना, या महिन्यात दूध आलं का गं?"

"आलं की."

"सहा दिवस तर आलं नाही."

"हो, पण पंचवीस दिवस आलं ना."

"मग कालनिर्णयवर दुधापुढे लाल फुली मारलीस का? दूध, नाही, असं?"

"असं कसं मारणार? खाडे सोडून बाकीचं आलंच की..." आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. खिडकीखाली रिक्षावाल्यांचा काहीतरी वाद चालला होता तो मला अजून आठवतो, कारण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. एवढ्या वेळात सल्ला द्यायचा मोह होतोच, पण गप्प बसणं हेच तेव्हाचं काम असतं. दोनेक मिनिटांनी ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली,

"आमच्या कामवाल्या मावशींनी महिन्यात दोन खाडे केले तर मी एक रुपया कापत नाही. आणि स्वतःचा मात्र अख्ख्या महिन्याचा पगार कापते."

मला वाटतं मी जे चार बैठकांत सांगितलं असतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. मग तिनेच पेन घेतलं, फुली खोडली आणि "चालणं – 9" असं लिहिलं. अभ्यासाचे दिवस मोजले तर ते सात भरले. सात दिवसांत एका पेपरची दोन प्रकरणं झाली होती, हे ती विसरूनच गेली होती.

त्या रात्री घरी गेल्यावर माझ्या डोक्यात तो खाडा शब्द फिरत राहिला. आम्ही लहान असताना आजी श्रावणात कहाण्या वाचायची, त्यात ते वाक्य हमखास यायचं, "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही." किती मुलींच्या कानात ते लहानपणापासून बसलंय! आपण एक तारखेला काही ठरवतो ते वसा घेतल्यासारखं ठरवतो, त्यामुळे एक दिवस चुकला की दिवस चुकला असं वाटत नाही, वसा टाकला असं वाटतं, आणि टाकलाच आहे तर आता पुढच्या एक तारखेपर्यंत काय करायचंय? गंमत म्हणजे खुद्द आजी एवढी कडक नव्हती. आमच्या घरी सोळा सोमवारात अडचण आली तर तो सोमवार मोजायचे नाहीत, पुढे एक वाढवायचे, व्रत मोडलं असं कुणी म्हणत नसे. ती सूट आपण विसरलो आणि वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

ज्यांना माझ्या विचारांची बैठक माहीत आहे त्यांना कळेल मी हे कुठून बघते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जी विवेकनिष्ठ विचारपद्धत मांडली ती माझा पाया आहे, आणि ती शिकवताना मी नेहमी सांगते की मराठीत आपलं सगळं दुखणं एका अक्षरात मावतं, ते म्हणजे "च". झालंच पाहिजे, रोजच, पूर्णच. "मला रोज चालायला आवडेल" ही इच्छा, तिने माणूस उठून चप्पल घालतो. "रोज चाललंच पाहिजे" ही सक्ती, आणि सक्ती मोडली की माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. ठरवलेलं काम हुकलं ही एक घटना आहे, तिच्यावरून अख्ख्या बाईला मार्क देता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल अशी सूट दिली तर सगळंच ढिलं पडेल. नाही पडत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 लोकांवर एक अभ्यास झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एखादी नवीन सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला अंदाजे 254. ते 21 दिवसांचं जे सगळीकडे सांगतात ते विसरा. आणि त्यातच दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चुकल्यावर सोडून देण्याने.

ऑगस्टपासून मेघनाची वही बंद, कालनिर्णय सुरू. दुधाच्याच रकान्यात, ज्या दिवशी चालली त्या दिवशी "चा", अभ्यास केला तर "अ". आणि खाडा झाला तर नुसतं खाडा लिहायचं नाही, बाजूला एक अक्षर कारणाचं. मु म्हणजे मुलगी, ऑ म्हणजे ऑफिस, पा म्हणजे पाहुणे, कं म्हणजे कंटाळा. कंटाळा सुद्धा कारणच आहे, लपवायचं नाही. महिन्याचा आढावा म्हणजे माझ्या लेखी एवढंच, वीस मिनिटं चहा घेऊन बसायचं, आलेलं मोजायचं, आणि कुठलं अक्षर सारखं सारखं येतंय ते बघायचं. आणि हा आढावा 31 तारखेलाच घ्यायचा असा काही कायदा नाही. बँकेत महिनाअखेर म्हणजे नुसती झुंबड, म्हणून आम्ही तिच्यासाठी चौथा शनिवार धरला. 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तीच तिची हक्काची जागा.

पहिल्या आढाव्यात अभ्यासाचे चौदा खाडे, त्यात अकरा "मु". धाकटी साडेदहाशिवाय झोपायचीच नाही आणि तिला थोपटता थोपटता हीच झोपायची. मेघना गेले कित्येक महिने याला "माझ्यात जिद्द नाही" म्हणत होती! जिद्दीचा संबंधच नव्हता, वेळ चुकीची होती. मग अभ्यास परतीच्या ट्रेनमध्ये नेला, सीएसएमटीहून बसायला मिळतं, तासभर सलग. रात्रीचा अर्धा तास यादीतून काढूनच टाकला. आणि गणपतीच्या महिन्यात टार्गेट निम्मं, हे आधीच ठरवून, कारण सणाच्या महिन्यात नेहमीच्या महिन्याएवढंच ठरवणं म्हणजे स्वतःला पाडायला खड्डा खणून ठेवणं.

एका बैठकीला नवऱ्याला बोलावलं. माणूस चांगला, पण त्याला खरंच वाटत होतं की वेळेचं नियोजन हिला जमत नाही. मी त्याला सरकारचेच आकडे सांगितले, 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. तो गप्प झाला. मेघना हळूच म्हणाली, "म्हणजे मी एकटीच नाही." पुढच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळचे अडीच तास मुलं त्याच्याकडे असं ठरलं. त्याचेही दोन खाडे झाले, तेही कालनिर्णयवर लागले.

एक सावधगिरीचं सांगायलाच हवं. कधी कधी यादी न होण्याचं कारण यादीत नसतंच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, झोप उडालीय, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, मुलांना जवळ घ्यावंसं वाटत नाही, असं असेल तर कालनिर्णय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा, किंवा निदान 14416 या टेलि-मानसच्या मोफत सरकारी नंबरवर बोला. ते खाडे मोजून सुटणारं नसतं.

आणि भिंतीवर लिहिणं सगळ्यांना जमत नाही हेही मला माहीत आहे. माझ्याकडे येणारी एक जण एकत्र कुटुंबातली, तिच्या "चा" वरून घरात टोमणे सुरू झाले, तिने छोटं कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून लावलं. तेही चालतं. फक्त रोज डोळ्यासमोर यायला हवं.

मेघनाने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात चारही पेपर दिले. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला, मागे ट्रेनचा आवाज, मला अर्धं ऐकूच येईना.

"मॅडम, दोन आले, दोन खाडे!"

"कारणाचं अक्षर?"

"एकात 46, तिथे अभ्यास कमी पडला. दुसऱ्यात वेळ पुरला नाही. मे-जूनला हे दोनच द्यायचेत, सुटलेले परत द्यावे लागत नाहीत." मग म्हणाली, "थांबा हं, कुर्ला आलं, गर्दी चढतेय," आणि फोन कट झाला.