चर बुजवू का? बाबा नको म्हणतात

प्रश्न : काकी, आमची पलूस तालुक्यात कृष्णाकाठाला तीन एकर काळी जमीन आहे. सगळा ऊस. गेल्या बेंदरानंतर बैल विकले, त्याला बाबा कसेबसे तयार झाले. आता जास्तीचं पाणी काढायला रानातनं खोदलेल्या दोन चरी बुजवून सलग पट्टा करावा, पाच फुटी सरी सोडावी, म्हणजे ट्रॅक्टरला वळणं कमी आणि उद्या तोडणीचं मशीनही चालेल, असं माझं म्हणणं. चरींत पाच गुंठे अडकलेत. बाबा म्हणतात, "माझ्या माघारी काय करायचं ते कर." हा नुसता हट्ट की त्यात तथ्य आहे?
— एक वाचक, वय 29

उत्तर : बाळा, चर बुजवू नकोस. हे आधीच सांगते, कारण आम्ही बुजवली होती.

आमचं रान वाळवा तालुक्यात, नदीपासून दोन शेतं सोडून. 1991 च्या उन्हाळ्यात मामंजी लेकीकडे गेले होते. तेवढ्यात आम्ही नवरा-बायकोनं ट्रॅक्टरला ब्लेड लावून दोन दिवसांत चर सपाट केली. चार गुंठे वाढले. एकरी चाळीस टन धरले तर गुंठ्याला टन, म्हणजे चार टन ऊस जास्तीचा, असा आमचा हिशेब. मामंजी परत आले, बांधावर उभे राहून बघितलं आणि काही न बोलता घरी गेले. पहिली दोन वर्षं ऊस झकास आला.

चौथ्या वर्षी सखल कोपऱ्यात कांड्या उगवल्याच नाहीत. आम्ही बेण्याला दोष दिला. नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा रोपं लावली, तीही पिवळी पडली. मग एकदा थंडीत सकाळी पाणी पाजायला गेले, तर पायाखाली माती पापडासारखी कुरकुरली. वर पांढरी बुकणी, पीठ सांडल्यासारखी. बोटाला लावून जिभेवर ठेवली : खारट, आणि मागनं कडवट. मामंजींनी तिथंच खड्डा घ्यायला लावला. तीन फुटांवर पाणी लागलं. चार गुंठ्यांच्या हौसेपायी वीस गुंठे दहा वर्षं पड राहिले. माझ्या धाकट्या लेकीनं त्या कोपऱ्यात उभं पीक पाहिलं नव्हतं.

मोटेच्या काळात पाणी मोजकं असायचं. बैल दमले की मोट थांबायची. पुढं लिफ्टचं, म्हणजे नदीतनं पंपानं उचललेलं पाणी आलं, बारमाही. काळ्या रानात पाणी खाली लवकर उतरत नाही. जास्तीचं पाणी साचत साचत वर येतं, पोटातले क्षार सोबत आणतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. चर त्या पाण्याला ओढ्यापर्यंतची वाट देते. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन अशीच क्षारपड झाली. महापुरात तर चरीची किंमत उघडीच दिसते. 2019 ला आमच्या भागात ज्यांच्या चरी उघड्या होत्या त्यांचं रान आधी वापशावर, म्हणजे मशागतीजोगत्या ओलीवर आलं.

जुनं ते सगळं बरोबर, असं मात्र मी म्हणत नाही. तुझ्याच तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, 1910 साली वसलेली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नवा होता तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून लोक घाबरायचे. ती भीती खोटी ठरली. बैल विकलेस, त्यातही मला चूक दिसत नाही. पण चर ही रीत म्हणून राखलेली नाही, ती तुझ्या रानाची मोरी आहे.

सलग पट्टा हवाच असेल तर रस्ता आहे. सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा. जाळीदार कापड गुंडाळलेले पाईप तीन-चार फूट खोल उतारानं टाकतात, वरनं ट्रॅक्टर खुशाल फिरतो. आमचा कोपरा शेवटी त्यानंच सुटला. मात्र पाईपचं तोंड ओढ्यात निघायला हवं, आणि ओढा तुझ्या रानात नसणार. खालच्या शेजाऱ्याशी आधी बोल. त्यानं वाट अडवली तर तुझा पाईप निव्वळ पुरलेला पैसा. शिरोळकडं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ही कामं केलीत, ती बघून ये.

त्याआधी दोन थरांतली माती तपासून घे. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुला जवळ आहे, क्षारपड जमिनीवर तिथं बरंच काम झालंय. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून चिकट झालेली निघाली तरच जिप्सम टाकायचं. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आपणही पोती ओतायची नाहीत. ठिबक कर, आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेला ऊस) निघाला की एकदा ताग किंवा धैंचा पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडून बघ.

आणि बाबांशी वाद घालू नकोस. येत्या वळवाच्या पावसात त्यांच्यासोबत खोरं घेऊन चरीवर जा. पाणी कुठनं शिरतं, कुठं तुंबतं, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक असेल. ते दाखवतील तिथं खुंट्या मार, मोबाईलवर शूटिंग घे. उद्या पाईपची लाईन आखायला माणूस आला की त्याला आधी तेच दाखव.