मनाली–लेह ग्रुप राईडमध्ये हवामान बिघडलं तर थांबायचं की रेटायचं?

तुमचा प्रश्न: आम्ही आठ जण जुलैत मनाली–लेह सायकलने करणार आहोत. पावसात चालवायची सवय आहे. वाटेत हवामान फारच बिघडलं तर किती सहन करायचं?

‘पावसात चालवायची सवय आहे’ हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय. याच वाटेने सायकलवर गेलेल्या आम्हा नऊ जणांनाही हीच सवय होती. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, सगळे घाट भर जुलैत दिवसभर भिजत केलेले. पण ताम्हिणीत पाऊस कोसळत असतो तेव्हाही हवा वीसेक अंशांची असते. भिजतो, थोडं कुडकुडतो, टपरीवर गरम भजी खाल्ली की गाडी पुन्हा रुळावर. मनाली–लेह वाटेवरची बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) आहे जवळपास ४,९०० मीटरवर. दर हजार मीटरला पारा साधारण सहा-साडेसहा अंश खाली येतो. तिथल्या पावसाला आपण पाऊस म्हणू नये, तो अर्धा बर्फच असतो.

आम्ही खिंडीच्या अलीकडच्या झिंगझिंगबारहून सकाळी सातला निघालो. आभाळ भरून आलेलं, पण चढावर अंगात ऊब होती, आतून सगळे घामाने चिंब. सूरजताल तळ्यापाशी पाऊस लागला आणि पाहता पाहता चेहऱ्यावर दाणे टोचायला लागले. आमच्यातले एक काका, वय ५८, चढाला सगळ्यात दमदार. ते कुठेही न थांबता खिंड ओलांडून पुढे गेले. मी वर पोहोचले, उतार धरला आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच कळलं की ब्रेक दाबला जातोय की नाही हे बोटांना समजतच नाहीये. चढावर शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं. उतारावर पाय बंद, समोरून वारा, अंगावर ओले कपडे.

पुढच्या एका वळणावर काका दिसले. सायकल आडवी पडलेली, ते उभे, आणि जॅकेटची चेन लावायचा प्रयत्न चाललेला. चेनचं टोक बोटांत धरलं जात नव्हतं. हातात राजगिऱ्याची चिक्की होती, तिचा कागदही फाडता आलेला नव्हता. ‘काका, बरं आहे ना?’ तर म्हणाले, ‘मी ठीक आहे, तू हो पुढे.’ पण जीभ जड झाली होती. आणि ते कुडकुडत नव्हते. मला तेव्हा वाटलं, चला, थंडी कमी वाजतेय. खरं तर कुडकुडणं थांबणं ही फार वाईट खूण असते. शरीराने हात टेकलेले असतात. पाठून आलेल्या मैत्रिणीला हे ठाऊक होतं, तिने हात दाखवून ट्रक थांबवला. ट्रकवाल्या पाजींनी काही न विचारता काकांना केबिनमध्ये घेतलं, सायकली मागे ताडपत्रीवर टाकल्या आणि खिंडीपलीकडच्या भरतपूरच्या तंबूंपाशी सोडलं. तिथे आधी सगळे ओले कपडे काढले, कोरड्या रजया गुंडाळल्या, दोन जण दोन बाजूंनी चिकटून बसलो. धड गिळता येतंय बघून भरपूर साखरेचा चहा घोट-घोट दिला. कोणीतरी रम पुढे केली, ती घेऊ दिली नाही. दारूने शरीरातली उरलीसुरली ऊब बाहेर जाते. हातपाय चोळूही नका. तासाभराने काका पुन्हा कुडकुडायला लागले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

उताराचा हा धोका मोठमोठ्यांना चुकलेला नाही. ५ जून १९८८ ला जिरो द’इतालिया ही इटलीची मोठी सायकल रेस तिथल्या गाविया खिंडीत बर्फात सापडली. योहान व्हान डर व्हेल्डे हा सायकलपटू आखूड बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोहोचला आणि पुढच्या उतारात गारठून सुमारे पाऊण तास मागे पडला. दुसरा एक स्पर्धक अँडी हॅम्पस्टन, त्याच्या संघाने वर गरम कपडे आणि जाड हातमोजे पोहोचवलेले होते. एकूण आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी त्या दिवशी हॅम्पस्टनच्या अंगावर आली आणि शेवटपर्यंत राहिली.

आमची चूक कपड्यांचीच होती. कपडे होते सगळ्यांकडे, पण सपोर्ट गाडीत, आणि गाडी तंबू बघायला सरचूला पुढे गेलेली. एक कोरडा थर, लोकरी टोपी आणि जाड हातमोजे प्लॅस्टिकमध्ये बांधून प्रत्येकाने स्वतःच्या सायकलवर ठेवा. हातमोज्यांवरून घालायला धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चालतात, मी त्यावर पुढचे सगळे दिवस काढले. गाडी शेवटच्या माणसाच्या मागे. खिंडीच्या दिवशी जोड्या लावा आणि जोडी फुटू द्यायची नाही, कितीही ताकदीचा माणूस असो. आम्ही नऊ जण सात-आठ किलोमीटरभर पसरलो होतो, म्हणून काका एकटे सापडले.

थांबायचा निर्णय खिंडीच्या अलीकडे, डोकं ताळ्यावर असताना घ्या. गारठलेल्या माणसाला ‘तुला जमेल का?’ विचारू नका, तो होच म्हणणार. त्याला जॅकेटची चेन लावायला सांगा, सरळ रेषेत चार पावलं चालायला सांगा. अडखळला तर त्या दिवसाची राईड सगळ्यांची संपली. शिवाय उंचीचा त्रासही असाच दिसतो, झोक जातो, बडबड होते. तेव्हा ऊब देऊन भागत नाही, खाली उतरवावं लागतं. आणि एक राखीव दिवस धरा. परतीच्या विमानाची घाई माणसांना नको तिथे पुढे ढकलते. नाले दुपारनंतर बर्फ वितळून फुगतात, तेही सकाळीच ओलांडायला मिळतील.

काका त्या रात्री नीट जेवले, दुसरा दिवस आम्ही सगळे थांबलो. पुढे ५,३२८ मीटरच्या तांगलांग लावर ते स्वतः चढले. वर पाटीपाशी सगळे फोटोला उभे राहिले तेव्हा ते बाजूला बसून ओला टी-शर्ट बदलत होते. ‘थांबा,’ म्हणाले, ‘आधी हातमोजे.’