बरीच वर्षं पडून असलेले जुने स्टुडिओ फ्लॅश दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत?

आधी एवढंच बघा: त्या मॉडेलची फ्लॅश ट्यूब (उजेड देणारी काचेची नळी) आजही मिळते का? नसेल मिळत, तर खर्चात पडू नका.

मॉडेलिंग लॅम्प (उजेड कसा पडेल ते दाखवणारा सतत चालू दिवा), फ्यूज, सिंक केबल (कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी वायर) ही किरकोळ कामं, बिनधास्त करून घ्या. खरी मेख कपॅसिटरमध्ये, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागात असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापराविना पडून राहिले की खराब होतात. चार्ज व्हायला लागणारा जादा वेळ, फुगलेलं टोपण, एकाच पॉवरवर कमी-जास्त होणारा उजेड ही त्याची लक्षणं. सगळे बदलायचे म्हटले तर खर्च नव्या साध्या फ्लॅशच्या जवळ जातो, मग मी तरी नवाच घेईन. स्वतः मात्र उघडू नका; प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट असू शकतात, जिवावर बेतेल.

एकाच मॉडेलचे दोन-तीन असतील तर गोष्ट वेगळी. दुरुस्तीवाल्याकडून एकाचे भाग काढून बाकीचे चालवता येतात.

आणि हो, काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे केबलमधून कॅमेऱ्यावर येणारं व्होल्टेज, 200 च्याही वर असतं. डिजिटल कॅमेऱ्याला केबलने थेट जोडू नका, रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारी जोडी) वापरा. जळलाच तर फ्लॅशला लावलेला त्याचा रिसीव्हर जळेल, कॅमेरा नाही.