नेते स्वार्थी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तेच वर्षानुवर्षे सत्तेत कसे राहतात? आणि मुळात ती सत्ता मिळते कशी?

तुमच्या प्रश्नातला 'तरी' मला खटकला, म्हणून लिहायला बसलो. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात वाढलो. आमच्याकडचे नेते स्वार्थी असूनही टिकले असं नाही. त्यांनी स्वतःचा स्वार्थ घराघरातल्या बारक्या स्वार्थांना दाव्याने बांधून ठेवला, म्हणून टिकले. आमचंही घर त्याच दाव्याला होतं, हे आधीच सांगतो.

1993 च्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा. ही सभा ज्याने पाहिली आहे त्याला वर्णन नको: विषय वाचायचा, मांडवातून 'मंजूर, मंजूर' ओरडायचं आणि जेवायला पळायचं. त्या वर्षी आमचे वडील, अण्णा, उभे राहिले. त्यांनी कारखान्यात ऊस तोलायच्या काट्याबद्दल एवढंच विचारलं, "काटा तपासायला वजनमापवाले शेवटचे कधी आले होते?" चेअरमन चिडले नाहीत. हसून म्हणाले, "अण्णांचा मुद्दा रास्त आहे, नोंद घ्या."

नोंद घेतली गेली.

आमचा साडेतीन एकर आडसाली, म्हणजे दीडेक वर्षाने तोडायचा ऊस जुलै 1992 च्या लागणीचा. नोव्हेंबर-डिसेंबरात त्याला तोड यायला हवी होती. शेजारच्या बांधापर्यंत कारखान्याची ऊसतोड टोळी आली आणि आमचं रान सोडून पुढं गेली. डिसेंबरात तुरे निघाले. अण्णा रोज कारखान्याच्या गट ऑफिसला हेलपाटे घालायचे. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, आमच्याच गावचा, अण्णांना मामा म्हणणारा. तो बिचारा खाली बघून म्हणायचा, "मामा, माझ्या हातात काय नाही. तुम्ही एकदा भेटून या."

तेव्हा झोनबंदी होती. 1984 पासून कायद्यानेच ठरलेलं होतं की कुठल्या गावचा ऊस कुठल्या कारखान्याला जाणार. दुसऱ्याला घालायची सोय नाही, जवळपास गुऱ्हाळही उरलेलं नव्हतं. मार्चपर्यंत कांडी आतून पोकळ पडली. आणि या गोष्टीतला सगळ्यात हुशार भाग आता येतो. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज ऊसबिलातून कापून घेतात. ऊसच गेला नाही तर बिल कुठलं? 31 मार्च उलटला आणि अण्णा थकबाकीदार झाले. थकबाकीदाराला संचालक म्हणून उभं राहता येत नाही. म्हणजे कुणी हात उगारला नाही, कुणी धमकी दिली नाही, आणि काट्याचा प्रश्न विचारणारा माणूस पुढच्या निवडणुकीतून आपोआप बाद.

एप्रिलात अण्णा चेअरमनच्या बंगल्यावर गेले. मी बरोबर होतो, वय एकोणीस. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत बसलो. मग आत बोलावलं, चहा आला. चेअरमन म्हणाले, "अण्णा, एवढ्यासाठी कशाला आलात? निरोप धाडला असता तरी झालं असतं." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फडात टोळी हजर. एकरी पन्नास टनाचं रान तिशीत आलं. अण्णा त्यानंतर सभेला जायचे, पण फक्त जेवायला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ही तर दहशत झाली. आमचे चुलते, तात्या, याच्या उलट बोलायचे. "साहेबांनी कारखाना काढला नसता तर या माळावर कुसळं उगवली असती. पोटाला देणाऱ्याला काटा कसला विचारता?" त्यांचं-माझं हे भांडण जवळजवळ तीस वर्षं चाललं. मी दहशत म्हणायचो, ते उपकार म्हणायचे. आज मला वाटतं, दोघंही अर्धंच बोलत होतो.

कारण पुढं काय झालं ते ऐका. 1996 साली माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात लागला. चेअरमनच्याच चिठ्ठीवर, शेतकी विभागात, चिटबॉय म्हणून. आणि 'हंगामी' म्हणून. हंगामी कामगाराला कायम कधी करतात? निवडणुकीच्या वर्षात. तेही सगळ्यांना नाही, थोड्यांना, म्हणजे बाकीचे पुढच्या निवडणुकीपर्यंत आशेवर राहतात. भाऊ अकरा वर्षं हंगामी होता. त्या अकरा वर्षांत आमच्या घरातलं एकही मत इकडचं तिकडं गेलं नाही. मीही चेअरमनच्याच पॅनेलला शिक्का मारला. आणि कुणाचा तरी ऊस वाळत असताना त्याला "एकदा भेटून या" असं सांगणारा माणूस आता आमच्याच घरात जेवायला बसायचा.

सत्ता मिळते कशी, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. त्याचं उत्तर इतिहासात आहे, थोडक्यात सांगतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी नगर जिल्ह्यात प्रवरेला शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून कारखाना उभा केला, 1950 च्या अखेरीस तो सुरू झाला. ती माणसं वेगळी होती, त्याबद्दल वाद नाही. पण नंतर या गोष्टीचा साचा झाला. थोडं भांडवल सभासदांचं, त्याच्या कितीतरी पट सरकारी भागभांडवल आणि सरकारच्या थकहमीवर (कर्ज थकलं तर सरकार भरेल, या हमीवर) काढलेलं कर्ज. पैसा बहुतेक सरकारचा, चावी एका माणसाकडे. त्या चावीने जिल्हा बँक उघडते, मग दूध संघ, मग बाजार समिती. 1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा त्याच माणसांनी कॉलेजंही काढली. आमदारकी ही या सगळ्याचं रक्षण करायला लागते. लोक उलटं समजतात, की आमदार झाला म्हणून कारखाना मिळाला.

म्हणूनच एखादा चेअरमन रातोरात पक्ष बदलतो तेव्हा त्याची विचारधारा शोधत बसू नका. थकहमी मंत्रालयातून मिळते आणि सत्ता ज्याची त्याच्याकडे जावं लागतं. पूर्वी मुंबईला जायचे. 2021 मध्ये केंद्रात सहकार खातं निघाल्यापासून दिल्लीलाही जातात.

1997 मध्ये झोनबंदी उठली. शेतकरी संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षं रान उठवलं होतं. आम्हाला वाटलं, सुटलो. पण दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम आला, काही आजारी सहकारी कारखाने लिलावात निघाले, आणि जो नवा खासगी कारखाना दिसायचा त्याच्या पाटीवर बघावं तर आडनावं जुनीच. ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असं आदेशात लिहिलेलं आहे. ऊसवाल्याला विचारून बघा किती वेळा मिळाली.

आता थोडं सावरून घेतो, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. सगळे कारखाने असे नव्हते. आमच्या कारखान्यानेच उपसा सिंचन योजना केली, त्या पाण्यावर अण्णांनी ऊस लावला, म्हणजे तात्यांचा कुसळांचा मुद्दा खोटा नाही. शिवाय हे सगळं ऊसपट्ट्यातलं. विदर्भात किंवा मुंबईत गणित वेगळं असेल, मी तिथं राहिलेलो नाही. काट्यात खरंच खोट होती की नाही हे मला आजही माहीत नाही. अण्णांनाही माहीत नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: तुमच्या घरात सहकारी संस्थेचा शेअर असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. मयत सभासदाच्या जागी ज्याचं नाव लागलं नाही त्याला मत नाही, आणि कुणाचं नाव आधी लावायचं ते ऑफिसात ठरतं. अण्णा 2015 मध्ये गेले. माझा अर्ज 2016 पासून पडून आहे, दोनदा कागद हरवले. तात्या 2021 मध्ये गेले. त्यांचा शेअर दीड महिन्यात चुलतभावाच्या नावावर झाला. मी त्याला विचारलं, कसं काय रे? तो म्हणाला, "दादा, तुम्ही एकदा भेटून या की."