आईबाबांसोबत तुर्कस्तानात समुद्रकाठी निवांत आठवडा घालवायचा आहे. अंताल्या बरं की बोद्रुम?

माझं स्पष्ट मत सांगते: दोन्ही राहू द्या, काश या किनाऱ्यावरच्या छोट्या गावाला जा.

तुम्ही लिहिलंय की आईबाबा सत्तरीच्या आसपास आहेत, शाकाहारी आहेत, इस्तंबूल आणि कापादोक्या आधीच्या टूरमध्ये बघून झालंय, आणि या वेळी रोज सकाळी सातला बॅगा बसमध्ये टाकायच्या नाहीत अशी बाबांची अट आहे. मी सासूबाईंना आणि मुलीला घेऊन काशला राहिले आहे. त्या वयाच्या माणसाला तिथे काय झेपतं आणि काय नाही, हे जवळून पाहिलंय, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितेय.

अंताल्या हे मोठं शहर. त्याच्या पूर्वेला लारा, बेलेक या बाजूला किनाऱ्यावर मोठमोठी रिसॉर्ट्स आहेत. खाणं, पोहणं, करमणूक सगळं आवारातच. आराम मिळतो, पण आपण कुठल्या देशात आलोय ते विसरायला होतं. बोद्रुम सुंदर आहे, पण उन्हाळ्यात तिथे रात्रभर गजबज असते आणि दरही चढे. काश या दोघांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. डोंगर थेट गावाच्या पाठीशी उभा, समोर समुद्र, मध्ये छोटं बंदर आणि बंदरातून वर चढत गेलेल्या गल्ल्या. दालामानचा विमानतळ दीडशे किलोमीटरच्या आसपास, अंताल्याचा त्याहून लांब, आणि गावाला वाळूची लांब चौपाटी नाही. त्यामुळे गाव आटोपशीर राहिलं. राहायला पेन्शन, म्हणजे घरगुती अतिथीगृहं, आणि छोटी हॉटेलं, जुन्या घरांना लाकडी सज्जे, सज्ज्यांवरून उतरलेली बोगनवेल. यातली बरीच घरं मुळात ग्रीक कुटुंबांची. 1923 च्या करारानंतर तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा ती माणसं गेली. समोर दिसणारं कास्तेलोरिझो बेट, ज्याला तिथे मैस म्हणतात, ते ग्रीसचं आहे. रात्री त्याचे दिवे दिसतात.

आता अडचण. काशला चढउतार आहेत. गल्ल्यांना पायऱ्या, रस्त्यांना चढ, आणि किनारे सगळे गोट्यांचे किंवा खडकाचे. आईबाबांपैकी कुणाचे गुडघे फारच दुखत असतील तर सरळ सिदे किंवा दाल्यान निवडा. सिदेला वाळू आहे आणि दाल्यान नदीकाठी सपाटीवर आहे. गुडघे ठीक असतील, हळूहळू का होईना चालता येत असेल, तर काशमध्ये बंदराजवळ खोली घ्या. मग जेवण, चहा, बाजार, होड्या सगळं पायी होतं. पाण्यात घालायचे रबरी बूट मात्र न्याच. गोट्यांवर अनवाणी चालणं म्हाताऱ्या माणसांना जमत नाही.

माझा मुख्य सल्ला असा की दिवसाला एकच गोष्ट ठरवा, आणि काही दिवस तर तीही ठरवू नका. आपल्याकडे एवढे पैसे खर्चून गेलो म्हणजे सगळं बघून यायचं, अशी सवय असते. काशला ती सवय सोडवते अशी एक जागा आहे, लिमानआझी नावाची. बंदरातून छोट्या होड्या जातात, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. खडकाच्या कुशीत दोन-चार उपाहारगृहं, त्यांनी समुद्रावर बांधलेले लाकडी फळ्यांचे धक्के, झाडांची सावली, पाण्यात उतरायला लोखंडी शिडी. वरच्या कड्यात लिसियन लोकांनी, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन रहिवाशांनी, कोरलेल्या कबरी दिसतात. सकाळी जायचं, तिथेच जेवायचं, संध्याकाळच्या होडीने परतायचं.

सासूबाईंना पोहता येत नाही. त्या धक्क्याच्या कडेला बसून पाण्यात पाय सोडून होत्या. पाणी इतकं नितळ की खालचे गोटे वेगवेगळे दिसत होते आणि बोटभर लांबीचे मासे त्यांच्या घोट्यांपर्यंत येऊन पुन्हा पळत होते. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "तुम्ही घ्या सुरू करून, मी येते." आल्या त्या अर्ध्या-पाऊण तासाने. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं असं विचारलं, तर इथेच, असं उत्तर मिळालं, आणि आम्ही पुन्हा तिथेच गेलो. गावापासून चालत जाण्यासारखी दुसरी जागा म्हणजे ब्युयुक चाकल. तिथे गोड्या पाण्याचे झरे समुद्रात फुटतात, त्यामुळे पोहता पोहता मध्येच एकदम गार पाण्याचा पट्टा लागतो. भर उन्हात फार बरं वाटतं.

दुपारी खोलीत झोप काढा. ऊन उतरलं की जुन्या रंगमंडलात जाऊन बसा. काशच्या जागी पूर्वी असलेल्या प्राचीन अँटिफेलोस नगरातलं हे दगडी नाट्यगृह गावाच्या पश्चिमेला आहे, चालत जाता येतं. रंगमंचामागची भिंत आता नाही, त्यामुळे पायरीवर बसलं की समोर थेट समुद्र. पायऱ्या उंच आहेत, आईबाबांना खालच्याच ओळींत बसवा. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळीही कोमट असतो. परतताना उझुन चार्शी या दुकानांच्या गल्लीतून या. गल्लीच्या वरच्या टोकाला झाडाखाली इसवी सनपूर्व चौथ्या शतकातली लिसियन शवपेटी उभी आहे, झाकणावर सिंहांची डोकी कोरलेली. तिच्या बाजूने लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन जात असतात.

बाबांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक गोष्ट सांगते. काशच्या जवळच उलुबुरुन नावाचं टोक आहे. 1982 मध्ये तिथे समुद्रातले स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तळाशी धातूच्या लाद्या दिसल्या. पुढे 1984 ते 1994 अशी दहा वर्षं उत्खनन चाललं. निघालं ते इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातलं बुडालेलं जहाज: सुमारे दहा टन तांबं, टनभर कथील, निळ्या काचेच्या वड्या, हस्तिदंत, आणि इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेली सोन्याची मुद्रा. तांबं आणि कथील मिळून कांसं होतं, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोलाचा माल एकाच जहाजात. या वस्तू बोद्रुमच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत, काशला नाहीत. पण त्याच पाण्याकडे बघत बसायचं असेल तर ही गोष्ट माहीत असलेली बरी.

आठवड्यात सहली दोनच करा. पहिली केकोवा. दुसऱ्या शतकातल्या भूकंपाने तिथल्या बेटाच्या कडेची वस्ती पाण्याखाली गेली; होडीतून भिंती, पायऱ्या दिसतात. त्या अवशेषांवर पोहायला बंदी आहे, ती पाळा. काशच्या बंदरातून दिवसभराची होडी निघते, पण आईबाबांना एवढा वेळ हलत्या होडीत नको. गाडीने उचाअझ गावापर्यंत जा आणि तिथून छोटी होडी करा. समोरच्या कालेकॉयला गाडीचा रस्ता नाही. पाण्यात उभी असलेली शवपेटी बघायची, किल्ल्यावर तरुणांनी चढायचं, बाकीच्यांनी खाली बसून आइस्क्रीम खायचं.

दुसरी पातारा. तिथे सुमारे 18 किलोमीटर लांब वाळूचा किनारा आहे, आणि मागे लिसियन नगरांच्या संघाचं प्राचीन सभागृह. या वाळूत कॅरेटा जातीची समुद्री कासवं अंडी घालतात, म्हणून हंगामात रात्री किनारा बंद असतो. वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेला असाल तर ही काळजी लगेच समजेल. कापुताश या किनाऱ्याच्या फोटोंना मात्र भुलू नका. निळाई खरी आहे, पण रस्त्यावरून खाली दीडशेहून जास्त पायऱ्या, वर सावली कमी आणि लाटाही जोराच्या. तुम्ही एकटे सकाळी लवकर जाऊन या. तिकडे जायला दोलमुश मिळतं, म्हणजे आपलं वडापच, फक्त ठरलेल्या मार्गावर.

शाकाहाराची चिंता या किनाऱ्यावर कमी आहे. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढायच्या भाज्या ही इथली रोजची गोष्ट: वांगी, फरसबी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. गार वाढतात त्या पानांत सहसा मांस नसतं, गरम मिळणाऱ्यांत खिमा असू शकतो, म्हणून विचारा. मसुरीचं सूप सगळीकडे मिळतं, पण कधी मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, तेही विचारा. पालक, चीज किंवा बटाटा भरून तव्यावर भाजलेलं गोझलेमे आईंना नक्की आवडेल. न्याहारी तर जेवणाएवढी असते: काळे-हिरवे ऑलिव्ह, पांढरं चीज, काकडी-टोमॅटो, मध आणि साय, दोन-तीन मुरंबे, गरम पाव, आणि संपेल तसा भरत जाणारा चहा. ती उशिरा घ्या, म्हणजे दुपारी आयरान (आपल्या ताकासारखं पेय) आणि फळांवर भागतं. शुक्रवारी काशचा आठवडी बाजार भरतो. खोलीला स्वयंपाकघर असेल तर मसूर, तांदूळ, दही, भाज्या सगळं आणता येईल. दोन-तीन दिवसांनी वरणभात मिळाला की वडीलधारी माणसं खूश असतात.

महिना विचारलात तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही कोमट असतं, गर्दी ओसरलेली असते, बाजारात अंजीर, द्राक्षं, डाळिंबं येतात. मे महिन्यात हवा छान, पण पाणी गारच. जुलै-ऑगस्टचं ऊन आईबाबांना सोसणार नाही.

व्हिसाचं नीट बघा. आपल्या पासपोर्टवर ई-व्हिसा हवा असेल तर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) वैध व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. नसेल तर अर्ज करून साधा व्हिसा. ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा असतो. समोर वीस-तीस मिनिटांवर मैस दिसतं आणि सकाळची फेरी बोटही सुटते, पण ते ग्रीस आहे. शेंगेन व्हिसा हातात असला तरी तिकडे गेलात की तुर्कस्तानात परत शिरायला पुन्हा व्हिसा लागेल. तेव्हा ते लांबूनच बघा.

इस्तंबूलहून विमानाने दालामानला उतरा आणि गाडी आधीच सांगून ठेवा. पुढचा अडीच तासांचा रस्ता वळणावळणांचा आहे, आईंना गाडी लागत असेल तर गोळी जवळ असू द्या. काशजवळच्या चुकुरबा द्वीपकल्पावरची हॉटेलं फोटोत फार देखणी दिसतात, पण तिथून गावात यायला दर वेळी टॅक्सी लागते. खोली ठरवताना मालकाला एवढं नक्की विचारा की रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि खोली कितव्या मजल्यावर. लिफ्ट बहुतेक नसते.